१८५५ चे नाटक आणि १८७५ चा दंगा

दौंड तालुक्यातल्या एका विद्यालयातील विद्यार्थ्यांनी ११ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी जोतीराव फुल्यांच्या जीवनावर तक्ते तयार केले होते. पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर निळ्या शाईने लिहिलेले अकरा तक्ते. मी शिरूरला राहतो, आयुष्यभर मराठी शिकवले, म्हणून ते माझ्याकडे तपासायला आले. शुद्धलेखन पाहून द्या, एवढीच अपेक्षा होती. मी तीन दिवस ते ठेवून घेतले. त्या तीन दिवसांत दोन ओळी पार खोडल्या, एका तारखेपुढे प्रश्नचिन्ह मांडले आणि एक ओळ नव्याने घातली.

तक्ते लिहिणारा मुलगा मातंग वस्तीतला. अक्षर देखणे. खोडलेल्या ओळी पाहून तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, तुम्ही आपल्याच माणसाचं कमी का करताय?"

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. कारण मी ज्या ओळी खोडल्या होत्या, त्यांतली एक मी स्वतः वीस वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या. तेव्हा हा लेख त्या मुलासाठी आहे आणि तितकाच माझ्यासारख्या वक्त्यांसाठीही आहे.

खोडलेली पहिली ओळ किरकोळ होती, ती आधी निकालात काढतो. 'जोतीबांनी केडगावच्या मुक्ति मिशनला भेट देऊन पंडिता रमाबाईंचे कौतुक केले.' केडगाव दौंड तालुक्यातले, मुलांच्या पायाखालचे, म्हणून ही ओळ आली असणार. पण रमाबाईंनी शारदा सदन काढले ते मुंबईत, १८८९ साली. पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. केडगावचा प्रपंच त्यानंतरचा. जोतीरावांना १८८८ साली पक्षाघात झाला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. म्हणजे भेटीला जाण्यासाठी केडगावात तोवर काही उभेच नव्हते. मात्र रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून सारे पुणे त्यांच्यावर तुटून पडले असताना जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली. ही गोष्ट तक्त्यावर नव्हतीच. ऐकीव भेट टिपली गेली आणि छापील पुस्तक राहून गेले. हीच तऱ्हा आपल्याला पुढेही भेटणार आहे.

दुसरी ओळ अशी होती: '१८७५ मध्ये शिरूर व सुपे येथील सावकारांविरुद्धच्या बंडाचे नेतृत्व केले.' हीच माझी व्यासपीठावरची ओळ.

१८७५ चे दंगे आपल्याच मुलखातले. दौंडचा हा प्रदेश तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत होता. सुपेही त्याच तालुक्यातले, आज ते बारामतीत आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि खतेपत्रे, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. नगरकडे पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंत गेले. माणसे मारण्याकडे लोकांचा रोख नव्हता, कागदाकडे होता. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तर त्याला हात लावीत नसत. ९५१ माणसे पकडली गेली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. सरकारने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ साली थेट लंडनच्या पार्लमेंटपुढे गेला. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला.

या सगळ्याचे मूळ आयोगाने कोठे दाखवले? शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी. १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जबाजारी मराठा गृहस्थावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. देशमुखाचे घर त्यात गेले, ते पाडायलाही लागले. देशमुखाने गाव उठवले. मारवाड्यांची जमीन कोणी कसायची नाही, त्यांची चाकरी कोणी करायची नाही, असे ठरले. हा बहिष्कार एका गावातून दुसऱ्या गावात गेला. काही ठिकाणी गावकऱ्यांनी त्याचे लेखी करारही केले. पाच महिन्यांनी सुप्यात आग लागली.

या कथेत जोतीराव कोठे आहेत? कर्ड्यात नाहीत, सुप्यातही नाहीत. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा दीड-पावणेदोन वर्षे झाली होती, त्याचा मुख्य पसारा पुण्यात होता. १८७५ साली जोतीरावांनी पुण्यात काय केले ते मात्र ठाऊक आहे. त्या वर्षी सप्टेंबरात दयानंद सरस्वतींची मिरवणूक सनातन्यांनी उधळायचा घाट घातला, तेव्हा रानड्यांच्या विनंतीवरून जोतीराव आपली माणसे घेऊन मिरवणुकीच्या संरक्षणाला उभे राहिले. दयानंदांची वेदनिष्ठा त्यांना मान्य होती असे नव्हे. ही घटना आपल्या भाषणांत क्वचितच येते, कारण ती आपल्या सोयीच्या चौकटीत बसत नाही.

मग दंग्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले कोठून? माझ्या मते ते 'शेतकऱ्याचा असूड'मधून आले. असूड १८८३ चा. त्यात कर्ज आहे, कोर्ट आहे, कुळकर्णी आहे, कोरडी पडलेली चूल आहे. तो वाचून मिटला की सुप्याची जळती वही डोळ्यांपुढे येतेच. मग वाचकाचे मन आठ वर्षांनंतरचे पुस्तक आठ वर्षांपूर्वीच्या गर्दीच्या हातात देऊन टाकते. मीही तेच केले होते. असूडच्या प्रस्तावनेत जोतीरावांनी हा ग्रंथ छापण्याआधी कोठे कोठे वाचून दाखवला ती गावे सांगितली आहेत: मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी, माळ्याचे कुरुल. त्या यादीत जुन्नर आहे, शिरूर नाही. हडपसर आहे, सुपे नाही. माणूस स्वतःच्या हाताने यादी देतो आहे आणि आपण ती न वाचता त्याला आपल्या गावी नेऊन बसवतो!

त्या मुलाचा प्रश्न इथे खरा टोचतो. नेतृत्वाची ओळ काढल्याने जोतीरावांचे काही कमी झाले का? मला उलट वाटते. ती ओळ ठेवल्याने कोणाचे तरी कमी होत होते. ज्या ५०१ जणांनी शिक्षा भोगल्या, त्यांनी आपापल्या बुद्धीने ठरवले होते की आपल्या गळ्याभोवतीचा फास हा कागदाचा आहे आणि तो जाळला पाहिजे. अक्षर न ओळखणाऱ्या माणसांनी अक्षराची सत्ता अचूक ओळखली होती. त्यांना पुण्याहून कोणी महात्मा येऊन सांगावे लागले नाही. आपण मात्र त्यांच्या डोक्यावर नेता बसवून मोकळे होतो. बहुजनांना स्वतःची अक्कल नसते, कोणीतरी भडकावल्याशिवाय ते हलत नाहीत, हे म्हणणे प्रस्थापितांचे आहे. भडकावणारा आपला निघाला म्हणून ते म्हणणे आपले होत नाही.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, मग ती कुणाला रुचो वा न रुचो. कर्ड्याच्या बहिष्कारात नेता होता तो देशमुख. त्याचे हत्यार होते गावकी. तेच गावकीचे हत्यार पुढे आपल्या वस्त्यांवर चालले. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर ज्या महारांनी मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, त्यांचे दाणापाणी गावांनी तोडले. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. त्या समितीच्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांना दाबून ठेवण्याचे केवढे भयानक साधन आहे याची नोंद झाली. १८७५ च्या उठावातला न्याय मी नाकारत नाही. पण सुप्याच्या बाजारात वही जाळणारा कुणबी आणि पुढे महारवाड्याचे पाणी तोडणारा कुणबी हे दोन वेगळ्या जगांतले नव्हते. जोतीरावांना त्या गर्दीच्या पुढे उभे केले की ही अडचण झाकली जाते. सगळे पवित्र होऊन जाते. मी गेल्या हिवाळ्यात कर्ड्याला जाऊन आलो. पाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांना काळूराम-देशमुखाची गोष्ट विचारली. कोणी ऐकलेली नव्हती. त्यातला एक म्हणाला, कर्जाचं म्हणता तर आजचं सांगतो की!

प्रश्नचिन्ह मांडले ते शाळेच्या तारखेपुढे. तक्त्यावर होते, '१ जानेवारी १८४८: भिडेवाड्यात मुलींची पहिली शाळा.' चरित्रांतून ऑगस्ट १८४८ असेही सापडते. चिपळूणकरांच्या वाड्यातली शाळा ३ जुलै १८५१ ची, रास्ता पेठेतली त्याच वर्षी सप्टेंबरातली, वेताळ पेठेतली मार्च १८५२ ची. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. आणि खुद्द जोतीराव काय सांगतात? १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मुलींच्या शाळेचा आरंभ सुमारे १८५४ च्या आसपास असा सांगितला आहे!

आता काय करायचे? जोतीरावांच्या शब्दावर विश्वास ठेवून १८५२ चा सत्कार खोटा ठरवायचा? तीस वर्षांनी आठवून सांगताना माणसाची साले इकडची तिकडे होतात. म्हणून जोतीराव लहान होत नाहीत आणि म्हणून आपण तारखांची बेफिकिरीही करायची नाही. घटनेच्या जवळचा कागद दूरच्या कागदापेक्षा वजनदार, मग दूरचा कागद प्रत्यक्ष त्या माणसाच्या हातचा का असेना. हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ भांडणे मिटतील. ज्या वाड्यासाठी ही तारीख भांडली जाते तो भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. वाडा गेला, कागद आहेत. आता कागदच जपायचे.

आणि जवळचा कागद आहे. १५ सप्टेंबर १८५३ च्या 'ज्ञानोदया'त जोतीरावांचे म्हणणे आले आहे. मुलाच्या घडणीत आईचा वाटा फार मोठा, हा विचार मनात घोळत असता आपण मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर नगरला गेलो, तेथे अमेरिकन मिशनमधल्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि परत येऊन पुण्यात शाळा काढली, असा त्याचा आशय आहे.

इथे मी त्या मुलाला खिडकीपाशी नेले. माझ्या घराच्या खिडकीतून पुणे-नगर रस्ता दिसतो. दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली ती १८७८ साली. त्याआधी तीस वर्षे पुण्याहून नगरला जाणारा माणूस कोरेगावावरून भीमा ओलांडून, शिरूरवरून घोडनदी उतरून जाई. जोतीराव आणि गोवंडे याच वाटेने गेले असणार. 'असणार' म्हणतो, कारण त्यांनी शिरूरला मुक्काम केल्याचा पुरावा माझ्यापुढे नाही. तक्त्यावर लिहायचेच तर 'अनुमान' असा शब्द घालून लिहा, म्हणालो. वीस-एकवीस वर्षांचा माळ्याचा पोर मुलींची शाळा बघायला म्हणून सत्तर मैलांची वाट तुडवतो, हे चित्र मला दंग्याच्या खोट्या नेतृत्वापेक्षा कितीतरी मोठे वाटते. आणि हे आपल्या गावावरून गेलेले आहे. मुलगा बराच वेळ रस्त्यावरचे ट्रक बघत उभा होता.

आता चौथी गोष्ट, जी मी घातली. तक्त्यांवर जोतीरावांना समाजसुधारक, शिक्षणतज्ज्ञ, शेतकऱ्यांचे कैवारी, कवी, पत्रलेखक अशी सहा-सात विशेषणे होती. नाटककार नव्हते. मी विचारले, तर वर्गातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. शिक्षकांपैकी एकाला ठाऊक होते, पण त्यांना ते महत्त्वाचे वाटले नव्हते. ज्याने केले नाही त्याचे श्रेय लिहिले गेले आणि ज्याने लिहिले त्याचे लेखन सुटले.

'तृतीय रत्न' हे नाटक जोतीरावांनी १८५५ साली लिहिले. एक गरोदर कुणबीण, तिचा नवरा, आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी. पोटातल्या गर्भाच्या भवितव्याचा धाक दाखवून ब्राह्मणभोजन, दक्षिणा, अनुष्ठान असा खर्च वाढत जातो आणि घर कर्जात जाते. मध्ये पाद्री येतो, मूर्तिपूजेवर वाद घालतो. आणि या साऱ्यावर बाजूने बोलत राहतो तो विदूषक. शेवटी नवरा-बायको दोघेही शिकायचे ठरवतात आणि जोतीराव व सावित्रीबाई यांच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतात. ज्ञान हा तिसरा डोळा, तेच तिसरे रत्न.

नाटककाराने आपले आणि आपल्या बायकोचे नाव नाटकाच्या शेवटी घालावे, हे त्या काळच्या मराठीत अपूर्वच. पण चरित्र तपासणाऱ्याला यात वेगळेच काही मिळते. कामकरी स्त्री-पुरुषांसाठी फुले दांपत्याने रात्रशाळा काढली ती १८५५ मध्येच. म्हणजे नाटकाचा शेवट ही कल्पना नव्हती. प्रेक्षकाने नाट्यगृहाबाहेर पडून प्रत्यक्ष जावे असे ते ठिकाण होते. सावित्रीबाईंचे शिकवणे हे पुढच्या भक्तांनी रचलेले नाही याचा समकालीन दाखला, तोही नवऱ्याच्या हातचा, या नाटकात आहे.

हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. दक्षिणा म्हणजे पेशव्यांनी ब्राह्मणांना वाटायचा तो पैसा. इंग्रजांनी त्यातला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवला. त्याच पैशातून, जोशीबुवांच्या दक्षिणेवरच लिहिलेल्या नाटकाला बक्षीस मिळावे अशी अपेक्षा जोतीरावांनी केली होती. भाबडी म्हणा, खोडकर म्हणा. नाटक नाकारले गेले. हे आपल्याला कसे कळते? 'गुलामगिरी'त, धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात, जोतीराव स्वतःच हा प्रसंग सांगतात: नाटक १८५५ साली लिहिले, कमिटीला दिले, भट सभासदांच्या हट्टापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, म्हणून ते बाजूला ठेवून पुढे काही वर्षांनी 'ब्राह्मणांचे कसब' छापले. 'गुलामगिरी' १८७३ ची. म्हणजे गेली दीडशे वर्षे हे विधान छापील पुस्तकात पडून आहे. कोणालाही वाचता येण्याजोगे.

आणि तरी? मराठी नाटकाचा इतिहास विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या 'सीतास्वयंवरा'पासून निघतो आणि वि. ज. कीर्तन्यांच्या १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे'कडे येतो. मधली १८५५ ची जागा अनेक इतिहासकारांनी कोरीच ठेवली. विरोधकांचे सोडा. आपल्या माणसांचे काय? १९२७ साली पंढरीनाथ पाटलांनी जोतीरावांचे चरित्र लिहिले, १९६० च्या दशकात धनंजय कीरांनी लिहिले, १९६९ मध्ये समग्र वाङ्मय निघाले. त्या पहिल्या आवृत्तीत हे नाटक नाही. १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये ते छापले गेले, तेव्हा ते लिहून १२४ वर्षे झाली होती. पुढे समग्र वाङ्मयाच्या आवृत्त्यांत त्याला जागा मिळाली. ज्यांनी ते शोधले आणि छापले त्यांचे आपल्यावर ऋण आहे. पण मला त्या मधल्या वर्षांचा राग येतो. जोतीरावांच्या नावाने भाषणे होत होती, पुतळे बसत होते, आणि त्यांनीच सांगितलेला एक हरवलेला ग्रंथ 'तो कोठे गेला?' असे फारच थोड्यांना विचारावेसे वाटले. दंग्याचे नेतृत्व शोधायला पुरावा लागला नाही. नाटक शोधायला कष्ट लागले असते.

आता 'पहिले मराठी नाटक' या दाव्याविषयी. हा दावा आपल्याकडे मोठ्या आवाजात होतो. तो जसाच्या तसा टिकत नाही. भाव्यांचे खेळ आधीचे आहेत, आणि तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्याही कितीतरी आधी मराठीत नाटके लिहिली आहेत. पण ती देवादिकांची, पुराणांची. आजच्या माणसाच्या घरात आज चाललेली लूट, त्याच्या रोजच्या बोलीत, संवादरूपाने लिहून काढणारे इतक्या लवकरचे दुसरे मराठी नाटक मला दिसत नाही. तेव्हा 'पहिले सामाजिक नाटक' म्हणा, मी बरोबर आहे. नुसते 'पहिले' म्हणालात की कोणीतरी तंजावर काढील, तुम्ही गप्प व्हाल, आणि तुमच्याबरोबर जोतीरावही गप्प होतील.

समीक्षक म्हणून नाटकाचे गुणदोषही सांगितले पाहिजेत. ते आपले आहे म्हणून सूट देणे हाही एक प्रकारचा अनादरच. अंक-प्रवेशांची रचना त्यात नाही. संवाद लांबतात. पाद्री मला खटकतो. त्याला फार सहज जिंकू दिले आहे, त्याच्या धर्माला कोणी उलटा प्रश्न विचारत नाही. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांच्या मनात त्या शिक्षणाची कृतज्ञता ताजी असणार, असे म्हणून मी ते समजून घेतो, समर्थन करत नाही. पण विदूषक! संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. जोतीरावांनी त्याच्या हातून लाडू काढून घेतले आणि चाबूक दिला. जोशी एक वाक्य बोलतो, विदूषक त्याचा खरा अर्थ प्रेक्षकाला सांगतो. तमाशातला सोंगाड्या पाहिलेल्या माणसाला या पात्राची नाडी लगेच सापडते. चौफुल्याच्या आसपास वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना तर वेगळे समजवावेच लागले नाही. पुढे सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. त्यांना हे नाटक ठाऊक होते असे मी म्हणणार नाही, ते कागदात बंद होते. तरीही भटजीला रंगमंचावर आणून सवाल विचारायची जी रीत त्या जलशांनी उभी केली, ती जोतीरावांनी आधीच लिहून ठेवली होती.

आणि १८५५ या सालाविषयी एक गोष्ट, जी मी त्या मुलासाठी राखून ठेवली होती. मुलींच्या शाळेनंतर जोतीरावांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. तिथे शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांग मुलगी. तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त फेब्रुवारी आणि मार्च १८५५ मध्ये दोन भागांत छापून आला. धर्मग्रंथ वाचायचा अधिकार ज्यांना नाही, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल. म्हणजे ज्या वर्षी गुरूच्या नाटकाला बक्षिसाच्या कमिटीने दार लावले, त्याच वर्षी शिष्येचा निबंध छापला गेला. पंडितांच्या कमिटीला न पेलणारे ते मिशनच्या नियतकालिकाला पेलले. यात मिशनचा मोठेपणा किती आणि त्यांचा स्वार्थ किती, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. पण मुक्ता १८५५ मध्ये जे विचारते ते जोतीरावांच्या पाद्रीपेक्षा धारदार आहे. तिला कोणाच्या धर्माची तरफदारी करायची नाही. ती आपल्या माणसांची बाजू मांडते आहे. नाटक आणि निबंध शेजारी ठेवून वाचावेत. आपल्या अभ्यासक्रमांत तसे वाचले जात नाहीत.

डॉ. बाबासाहेबांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ जोतीरावांच्या स्मृतीला अर्पण केला. तो ग्रंथ कोणी उघडून पाहावा. एकेका विधानामागे श्लोक, सूक्त, पाठभेद, आणि जेथे अनुमान आहे तेथे ते अनुमान आहे असे स्पष्ट सांगितलेले. जोतीरावांना त्यांनी वाहिलेली वस्तू अशी पुराव्यांनी ठासून भरलेली होती. आपण हारतुरे वाहतो.

मुलाने तक्ता पुन्हा लिहिला. १८७५ च्या जागी सुप्याचा दंगा स्वतंत्र चौकटीत घेतला, 'शिक्षा: ५०१ शेतकरी' असे खाली लिहिले, जोतीरावांचे नाव त्यात नाही. नगरच्या वाटेपुढे कंसात 'अनुमान'. आणि १८५५ ची ओळ इतक्या मोठ्या अक्षरांत की शेजारचे १८५२ आणि १८६९ दाटीवाटीने बसले. मी ते तसेच राहू दिले. मुक्ताचे नाव त्याने लाल शाईने लिहिले, मला न विचारता.

तक्ते बांधून सायकलच्या कॅरिअरला लावताना तो थांबला. म्हणाला, "सर, त्या कमिटीत कोण कोण होतं? नाटक नाकारलं ते त्यांनी काय लिहून नाकारलं? तो कागद असंल ना कुठं?"

पुराभिलेखागारात सरकारी कागद कसे मागवतात, अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे मी त्याला एका चिठ्ठीवर लिहून दिले. सोबत कोण येणार हे त्याने विचारले नाही. दौंडवरून सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते एवढे विचारले.